निश्चिंत वकिलाच्या चार बैठका

"निश्चिंत राहा" हे दोन शब्द तो माणूस इतक्या वेळा म्हणायचा, की आमच्या घरात त्याचं खरं नाव कुणी घेतच नसे. निश्चिंत येऊन गेला, निश्चिंतचा फोन होता, निश्चिंतने उद्या बोलावलंय. ते दोन शब्द म्हणताना तो हात तुमच्या खांद्यावर ठेवून दोनदा थोपटायचा. आज आठवलं तरी खांदा साबणाने धुवावासा वाटतो. आणि त्याला घरात आणणारी मीच, हेही आधीच सांगून टाकते.

खरं तर त्याची गरजच नव्हती. अंधेरीतला वन रूम किचनचा ब्लॉक विकणारे तावडेकाका आणि घेणारे माझे बाबा, दोघांनी मरोळच्या एकाच कारखान्यात बावीस वर्षं शेजारच्या मशीनवर काढलेली. काकांच्या डब्यातली सुकटीची चटणी बाबांनी खायची आणि आईच्या घावण्यांवर काकांनी हात मारायचा, हे ठरलेलं. काका गावी परत निघाले होते, आम्ही साकीनाक्याला भाड्याने. "चव्हाणा, दुसऱ्या कुणाला विकला तर तू माझं थोबाड फोडशील," असं म्हणून काकांनीच किंमत सांगितली. बाबांनी घासाघीस न करता मान डोलावली. पण माझ्या ऑफिसातले शहाणे म्हणाले, मैत्री-बित्री राहू दे, मध्ये वकील हवाच. मला पटलं.

हा वकील स्टेशनजवळ एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसायचा. पहिल्याच भेटीत म्हणाला, "दोघांचं काम मीच करतो की! एकमेकांचे मित्र आहात, उगाच दोन वकील कशाला?" मी फी विचारली तर दुखावल्यासारखा चेहरा केला. "ताई, हे घरचं काम. आधी होऊ दे, मग बघू." आता जो स्वतःला घरचा म्हणवतो त्याला पुन्हा पैशाचं कसं विचारायचं? आम्हाला लाज वाटली. आम्हा लोकांची ही खोड आहे, आणि असल्या माणसांचं पोट तिच्यावरच चालतं.

एका रविवारी तो घरीच आला. आईने सुरमई तळली. चार तुकड्या खाल्ल्या मेल्याने, वर सोलकढी दोनदा मागून घेतली. "वहिनी, हॉटेलवाले झक मारतात तुमच्यापुढे!" आई भलती खूश. अडीच तास बसला, त्यातली दहा मिनिटं कागदांबद्दल बोलला असेल. जाता जाता मात्र बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "तावड्यांशी थेट बोलू नका हं. व्यवहारात शब्दाने शब्द वाढतो. काय असेल ते मला सांगा, मी आहे ना मध्ये."

तिथून वाट लागायला सुरुवात झाली. दर आठवड्याला याचा फोन, आवाज खाली आणून. "तावड्यांकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणे. मी अडवून धरलंय." बाबा आधी हसले. दुसऱ्या फोनला हसले नाहीत. तिसऱ्याला म्हणाले, "पैसा दिसला की माणूस बदलतो." मी म्हटलं, बाबा, एक फोन करा ना त्यांना. तर म्हणे, वकील नको म्हणालाय.

शेवटचा हप्ता देऊन चाव्या वकिलाच्याच टेबलावर घेतल्या. तावडेकाकांनी जुडगा ठेवला तो बाबांकडे न बघता. बाबांनी गावी कधी निघतोस एवढंसुद्धा विचारलं नाही. काका तसेच जिना उतरून गेले. निश्चिंत पेढे वाटत होता.

आठवड्याने बिल आलं. ऐंशी हजार! वाचत गेले तसं माझं डोकं फिरलं. "निवासस्थानी चर्चा, अडीच तास", म्हणजे ती सुरमई. आणि पुढे, "समोरच्या पक्षाशी बोलणी, चार बैठका." मूळ करारनामा त्याच्याकडेच होता. बिल भरल्याशिवाय देणार नाही म्हणाला. आई म्हणाली, "देऊन टाक गं, घरात जेवून गेलेल्या माणसाशी कसलं भांडतेस?" पण त्या चार बैठका मला पचेनात. बाबांना न सांगता मी तावडेकाकांना फोन लावला.

"गो बाय, खयच्यो बैठको?" काका म्हणाले. "माझ्या बिलात पण ह्योच आसत." मग मालवणी सोडून साध्या मराठीत, जपून, "तुझा बाप शेवटचा हप्ता बुडवणार होता असं वकील म्हणाला. म्हणून मी बोललो नाही कुणाशी." त्यांनी त्यांच्या बिलाचा फोटो पाठवला. त्याच चार तारखा, तेच चार तास. म्हणजे हा नालायक स्वतःच्या खुर्चीत बसून स्वतःशीच आमच्या वतीने भांडत होता, आणि दोन्हीकडून तासाचे पैसे लावत होता!

काकांच्या बिलाची प्रिंट काढून दोन्ही बिलं मी त्याच्या टेबलावर आपटली. मला वाटलं, चेहरा उतरेल. छे! शांतपणे चष्मा पुसला. "ताई, दोन पक्ष म्हटल्यावर दोन बिलं होणारच." मी म्हटलं, "मग खाली दुकानातल्या गर्दीसमोर मोठ्याने वाचून दाखवू का दोन्ही?" त्याने पेन काढलं. आधी बैठका खोडल्या, मग जेवणाचे अडीच तास, आणि तीस हजारांवर आला. "घरची माणसं म्हणून," असं वर म्हणाला. काकांचंही बिल तिथेच कमी करून घेतलं, आमचे तीस हजार भरले आणि करारनामा उचलला. उठताना त्याचा हात खांद्याकडे आला. "हात खाली," मी म्हटलं. बसला तसाच.

घरी आले ती नाचतच. बाबांसमोर दोन्ही बिलं शेजारी-शेजारी मांडली, तारखांवर बोट ठेवून सगळं सांगितलं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच बाबा, सगळं त्याचं खोटं. लावा आता काकांना फोन.

बाबांनी दोन्ही कागद दोनदा वाचले. मी नंबर लावून फोन पुढे केला, तो त्यांनी कापला.

"काय बोलू त्याच्याशी?" ते म्हणाले. "तो विचारेल, चव्हाणा, वकील म्हणाला आणि तुला पटलं? काय सांगू? पटलं होतं गं मला."