गाडी उचलायची नसते

माझ्या गॅरेजमध्ये फ्रीझरच्या मागे एक फळी असायची. दीड हात लांब, अंगठ्याएवढी जाड. लेकीच्या लहानपणीच्या पलंगाची. पलंग मोडीत काढला तेव्हा तेवढी ठेवून घेतली होती. एका टोकाला तिने चिकटवलेला हिरवा डायनोसॉर अजून होता. मोटरसायकल डबल स्टँडला लावताना मागचं चाक आधी या फळीवर घ्यायचं. चाक तेवढं वर आलं की स्टँडचं काम निम्मं होतं. मग स्टँडच्या दांडीवर पाय ठेवायचा, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला सारखे टेकलेत ना ते पाहायचं, आणि दांडीवर सरळ उभं राहायचं. सगळा भार पायावर, हात नुसते धरायला. गाडी आपसूक मागे सरकून वर बसते.

एवढंच आहे. दोन वाक्यांत सांगता येतं. मी दोन वर्षं सांगितलं नाही.

ज्याला सांगितलं नाही तो माझा मित्र. इंग्लंडात ब्रॅकनेलला आयटीत नोकरी, फ्लॅटमध्ये राहणारा, एकटा. त्याने अडीचशे किलोची मोटरसायकल घेतली तेव्हा ठेवायला जागा नव्हती. मीच म्हणालो, "माझ्या गॅरेजमध्ये ठेव की." लोकांना ते कौतुकाचं वाटलं. मलाही वाटलं. रविवारी तो मेडनहेडला माझ्या घरी यायचा, आम्ही दोघं आपापल्या गाड्यांवर दोन-तीन तास फिरून यायचो. माझी गाडी जुनी आणि हलकी. गॅरेज अरुंद, साइड स्टँडवर कललेल्या दोन गाड्या मावत नसत, म्हणून दोन्ही डबल स्टँडलाच लावाव्या लागत.

तो वाकायचा, सीटमागची दांडी दोन्ही हातांनी धरायचा आणि "हुप्पा!" करून गाडी उचलायला बघायचा. कंबरेतून. चेहरा लाल, मानेच्या शिरा ताठ. तीन-चार झटक्यांत कशीबशी लागायची.

मी हाडांचा डॉक्टर आहे. ओझं कसं उचलावं आणि कसं उचलू नये, हे सांगण्यात माझा अर्धा दिवस जातो. त्याच्या कंबरेकडे बघताना मला मणक्यांमधली गादी कुठे दाबली जातेय ते दिसायचं, अगदी एमआरआयसारखं.

"साल्या, तुझी एका दमात कशी लागते?" मी लगोलग मागोमाग आत आलो तेव्हा त्याने एकदा विचारलं.

"सवय," मी म्हणालो.

आणि फळी दिसू नये म्हणून त्याला नेहमी आधी आत पाठवायचो. "तू हो पुढे, चहा टाकलाय. मी आलोच."

आता का, ते सांगतो. तो आत गेला की स्वयंपाकघरातून माझ्या लेकीचं हसणं ऐकू यायचं.

ती इथेच जन्मली. आता चोवीस वर्षांची आहे. माझ्याशी इंग्रजीत बोलते, तेही कामापुरतं. त्याच्याशी मात्र मराठीत. मोडकंतोडकं, पण धबाधबा. "काका, तुमचा बाईक किती मोठा आहे! काका, चहा झाली, बसा!" आणि तो म्हणायचा, "झाली का चहा? आण मग, चांगली कडक!" तिच्याच चुकीत तो स्वतःची चूक मिसळायचा आणि दोघं खिदळायचे. मी हात पुसत आत जायचो आणि हसणं ओसरायचं. "झाला. चहा झाला," मी म्हणायचो. "ओके, डॅड." पुढचं सगळं इंग्रजीत.

मी त्या हसण्यावर जळायचो. हा शब्द मी कधी कुणाजवळ उच्चारलेला नाही. तिचं अख्खं बालपण मी ऑन-कॉल होतो, ते मान्य. पण ज्याने तिचा एक डायपर बदलला नाही, शाळेची एक पेरेंट्स ईव्हनिंग पाहिली नाही, त्याने रविवारी येऊन आयतं हे घ्यावं? त्या घरात मला त्याच्यापेक्षा बरं जमेल असं एकच उरलं होतं, डबल स्टँड. ते मी धरून ठेवलं.

पुढे कित्येक दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो, की ही युक्ती मी लेकीला शिकवलेली, ती आमच्या दोघांची ठेव, म्हणून सांगितली नाही. ती सोळा वर्षांची असताना खरंच शिकवली होती. पन्नास किलोची पोर दांडीवर उभी राहिली, गाडी वर बसली आणि तिने टाळ्या पिटल्या होत्या. पण ठेव वगैरे काही नाही. त्याला त्रास होताना बघून मला बरं वाटायचं. खरं एवढंच.

मग ऑक्टोबरातल्या एका रविवारी, ओल्या बुटांनी, त्याने झटका दिला आणि कंबरेत वळला. आवाज काहीच झाला नाही. तो सावकाश खाली बसला आणि म्हणाला, "अरे, पाय कुठे गेला माझा?"

गादी सरकली होती. डावा पाय बधिर. ऑपरेशन, मग पाच महिने घरी. मी दर दोन दिवसांनी डबा घेऊन जायचो, व्यायाम करून घ्यायचो. "तू होतास म्हणून निभावलं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मित्र असावा तर असा, असं लोक मला म्हणायचे. मी मान खाली घालायचो, तो त्यांना विनय वाटायचा.

मार्चमध्ये त्याने गाडी विकायची ठरवली. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून तो सकाळीच काठी टेकत आला. लेकही घरी होती. गिऱ्हाइकाला चेन फिरवून दाखवायची तर मागचं चाक मोकळं हवं, म्हणजे डबल स्टँड.

"मी लावतो," लेक म्हणाली.

"अगं, वेडी का खुळी! माझ्या मणक्याची वाट लागली या गाडीपायी."

ती फ्रीझरमागे गेली, सरळ हात घातला आणि फळी काढली. चाक वर घेतलं, दांडीवर उभी राहिली. अडीचशे किलो लोण्यासारखे वर बसले.

"काका, उचलायचा नाही गाडी. फक्त उभा राहायचा. डॅडने शिकवलं."

तो फळीकडे बघत राहिला. डायनोसॉरकडे. "कधी गं?"

"मी स्कूलमध्ये होता तेव्हा. तुम्हाला नाही शिकवलं?"

तो माझ्याकडे वळला. काठी जराशी वाजली.

"सवय," तो म्हणाला. "नाही का रे?"

त्याने फोन काढला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, गाडी विकत नाही, येऊ नका. मग लेकीला विचारलं, "ही फळी नेऊ मी?" मला नाही, तिला. पुढच्या आठवड्यात ती मोठी गाडी व्हॅनमधून दुसरीकडे गेली. माझ्या गॅरेजमध्ये जागाच जागा झाली.

तीन आठवडे त्याचा फोन नाही. लेकीला मात्र यायचा. वरच्या खोलीतून हसणं ऐकू यायचं. मी जिन्यात उभा राहायचो. लाज वाटत होती आणि जळतही होतो, दोन्ही एकदम. शेवटी एका शनिवारी ब्रॅकनेलला गेलो. दारातच म्हणालो, "मी मुद्दाम सांगितलं नाही."

"माहितीये. आत ये."

"आणि धोका काय आहे ते मला दिसत होतं."

"तेही माहितीये. डॉक्टर आहेस." त्याने खुर्ची पुढे केली, स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला, बसायला अजून त्रास होतो त्याला. "पण राग कशाचा होता? तेवढं कळू दे. मी रात्रंदिवस तेच शोधतोय."

सांगताना माझे कान तापले. "ती तुझ्याशी मराठीत बोलते."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

"लेका, विचारायचंस तरी." तो हसला नाही. "मी तिच्या चुका काढत नाही. बस. तो-ती-ते काय वाटेल ते म्हणू देतो. युक्ती म्हणशील तर हीच."

एका दमात सांगून टाकलं त्याने, मणक्यावर टाक्यांचे वण असताना. माफ केलं का, ते मी विचारलं नाही आणि तो बोलला नाही. फाटकापर्यंतही आला नाही. गाडीत बसल्यावर पहिलं काय वाटलं असेल? पुन्हा तेच. हेही त्यालाच जमतं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होतो. लेक आत आली, कुकरकडे बघून सहज बोलून गेली, "डॅड, भात झाली का?"

'झाला' माझ्या जिभेवर आलं. दातांनी धरलं.

"झाली," मी म्हणालो. "वाढ."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ताटं काढायला लागली.