आरशातला उजवा हात

कडबाकुट्टीच्या यंत्रात अण्णांचा उजवा हात कोपराच्या जरा खाली तुटला. जखम भरली, पण नसलेला हात दुखायचा काही थांबेना. "मूठ आवळून बसलीय. नखं तळव्यात रुतत्यात, उघडतच न्हाई," असं माझे वडील सांगायचे, आणि आई न् मी त्या रिकाम्या जागेकडे नुसत्या बघत राहायचो.

श्रीरामपूरजवळच्या वस्तीवरून मी दोघांना शहरात, सावेडीतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं होतं. अण्णांनी एकच धोशा लावला होता, सोमवारी डॉक्टरांना सांगून हात कोपराच्या वर कापून घ्यायचा. त्यानं दुखणं जाणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. "त्ये न्हाई कापणार तर मी कापीन," असं अण्णा म्हणाले, तेव्हा मी घरातली विळी माळ्यावर टाकली. मला त्यांचा संताप यायचा आणि भीतीही वाटायची.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी आरशाचा उपाय सांगितला होता. मला तो निव्वळ पोरखेळ वाटला. तरी रविवारी सकाळी बेसिनवरचा आरसा काढला आणि टेबलावर अण्णांच्या छातीच्या मधोमध, दोन्ही हातांच्या मध्ये पडद्यासारखा उभा धरला, काच त्यांच्या डाव्या हाताकडे करून. तुटका हात आरशामागे झाकला गेला. डावा हात आरशापासून जेवढा अलीकडे, तेवढाच आतला हात पलीकडे दिसत होता. अंगठासुद्धा उजव्या हाताचा असतो त्याच बाजूला. गेलेला हात नेमका आपल्या जागी परत आला होता. माझ्या अंगावर काटा आला.

"आता दोन्ही मुठी आवळा आणि हळूहळू उघडा," मी म्हणाले.

अण्णांनी आरशात वाकून पाहिलं आणि ते खेकसले, "ह्यो माजा हात न्हाई. डाव्याचं सोंग हाय. अक्षरं बग, उलटी हायेत."

लग्नानंतरच्या जत्रेत त्यांनी डाव्या हातावर आईचं नाव गोंदवून घेतलं होतं. उजव्यावर काहीच नव्हतं. आता आरशातल्या हातावर ते नाव उलटं दिसत होतं, आणि त्यानं सगळंच फिसकटलं.

"बास झालं. उद्या कापायचा," अण्णांनी खुर्ची मागे ढकलली.

मीही त्यांचीच लेक. "कापा मग एकदाचा!" मी ओरडले. आरसा मात्र सोडला नाही. त्याची कड तळव्यांत रुतत होती.

आई भांडी घासत होती. ती तशीच ओल्या हातानं आली, अण्णांची खुर्ची पुढे ओढली आणि गोंदलेल्या नावावर आपला तळवा ठेवला.

"आता बगा. कुटं हाय नाव?"

आरशात आईचा हात, हिरव्या बांगड्यांसकट, त्या गेलेल्या हातावर टेकला होता. अण्णांनी डावी मूठ आवळली आणि ते आरशात टक लावून बघत राहिले. मग त्यांची करंगळी सुटली, तिच्यामागून बाकीची बोटं. आरशातली मूठही उघडत गेली. अण्णांच्या कपाळावरची शीर हळूहळू खाली बसली.

"सुटली," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

काम झालं असं समजून आई हात उचलायला लागली.

"ऱ्हाऊ दे," आरशावरची नजर न काढता अण्णा म्हणाले. "उजव्याला तुजा हात गार लागतोय."