अंगणातलं अर्धं अंडं

आमच्या हिच्याएवढं वाकडं बघणारं माणूस येळ्ळूरपासून निपाणीपर्यंत शोधून सापडायचं नाही. निपाणी तिचं माहेर, म्हणून तिथंपर्यंतची खात्री मी देतो. शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं तेही वाकडंच. अंगणात अंडं काढलं. झेंडूसाठी वाफा करायचा होता. मी म्हटलं, चौकोनी करू. ती म्हणाली, "कोपरं पायात येत्यात." गोल करावा तर अंगण अरुंद. मग लांबट गोल ठरला. मी त्याला अंडं म्हणायचो, तर ती प्रत्येक वेळी सांगायची, "अंड्याला एक टोक बारीक असतंय. ह्येची दोन्ही सारखी. लंबवर्तुळ म्हणा." त्याला दोन खुंट्या नि एक सैल दोरी लागते. दोरीची टोकं खुंट्यांना बांधायची, काठीनं दोरी ताणायची नि ताण न सोडता फिरायचं. काठीमागं रेघ उठत जाते. घरात खुंटी एकच सापडली. दुसरीच्या जागी ही स्टूल टाकून बसली, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून. "मी हाय की खुंटी. जन्मभर पोरांस्नी हलू नका म्हटलं, आता मी हलत न्हाई." अर्धं काढून होईतो ऊन चढलं. "उरलेलं उद्या," म्हणून ती भात लावायला आत गेली.

ती हायस्कुलात भूमिती शिकवायची. मी चौथी सोडून भातात उतरलेला. पण शंकू कापला की काय काय निघतं हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाठ झालं, कारण आमच्यात कोशिंबिरीचं गाजरसुद्धा धड चिरलं जात नसे. आडवं कापलं तर वर्तुळ, तिरकं कापलं तर लंबवर्तुळ, उताराला धरून कापलं तर अन्वस्त, उभं कापलं तर अपास्त. आधी नाव सांगायचं, मग फोड तोंडात. सुगीला खळ्यावर भाताची रास पडली की तिला राहवत नसे, कारण रास म्हणजे आयता शंकू. एकदा पूजा व्हायच्या आधीच हिनं राशीत पत्रा खुपसला, वर्गातल्या मुली बोलावून कमान दाखवायला. माझी आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, राशीला लोखंड लावतीस व्हय? लक्ष्मी रुसल." ही म्हणाली, "रुसत न्हाई आत्ती, जरा वाकतीया." त्या साली भात बरं पिकलं म्हणून सासू-सुनेचं जमलं, नाहीतर मला घर सोडावं लागलं असतं.

अन्वस्त हा शब्द मला कधी नीट ऐकूच आला नाही. पाइपातनं उडणारं पाणी दाखवून ती म्हणाली, "बघा, अन्वस्त." मी म्हटलं, "पाणी कशाला अस्वस्थ असतंय? मोटर नीट चाललीया की." ती बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तेव्हापासून आमच्या घरात छपरावरची डिश अस्वस्थ, गाडीच्या दिव्याची वाटी अस्वस्थ. तो दिवा एकदा उजेड झाडांवर फेकायला लागला, म्हणून आम्ही खडेबाजारात मेस्त्रीकडं गेलो. हिनं त्याला समजावलं की वाटीच्या आत एक जागा असते, तिला नाभी म्हणतात. बल्ब बरोबर नाभीत बसला की सगळा उजेड सरळ रस्त्यावर पडतो. मेस्त्री ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बाई, नाभीचं ऱ्हाऊ द्या, होल्डर मोडलाय." ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तीच गावभर सांगत फिरली.

अंडं अर्धं राहिलं त्या दिवशी दुपारी ही जेवून आडवी झाली ती उठली नाही. माणसं जमायला लागली, अंगणभर पाय फिरायला लागले, तसा मी बाहेर जाऊन तिच्या अंगठ्याच्या जागेवर घमेलं पालथं घातलं. पुसलेली रेघ परत काढता येते. ती जागा गेली असती तर ते अंडं पुरं करायला मी कुठनं मोजणार होतो? लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कुणीतरी उचलायला गेलं तर मी म्हटलं, "हात लावू नगंस." संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घमेलं उचललं. ओल्या मातीत अंगठ्याचा खळगा होता तसा होता. मी बाभळीची खुंटी तासत बसलो तोवर माझे थोरले भाऊ, अण्णा, चहा घेऊन आले.

"सुतकात कुदळ धरतोस व्हय रं?"

"कुदळ न्हाई. दोरी हाय."

"ह्ये अंडं काढायची हीच येळ?"

"अंड्याला एक टोक बारीक असतंय, अण्णा. ह्येची दोन्ही सारखी."

अण्णांनी चहा माझ्यापुढं ठेवला. मग जरा हळू म्हणाले, "एकटा हाईस आता. एकाच खुंटीवर गोल मारून मोकळा हो."

"एका खुंटीवर गोलच होतोय. तिला गोल नको होता."

मी खळग्यात खुंटी ठोकली, दोरी बांधली, आधी पुसलेली रेघ खुणांवरून उजळली नि मग उरलेलं अर्धं काढलं. शेवटाला दोन्ही रेघा जुळल्या नाहीत, बोटभर चुकल्या. तिचा अंगठा दोरी जरा सोडायचा. खुंटी सोडत नाही. अण्णा म्हणाले, "पूस की, नीट जुळव." मी पुसलं नाही. ओल्या पोत्याखालची झेंडूची रोपं आणली आणि त्या बोटभर फटीपासून लावायला सुरुवात केली.