मळवलीचा तुटणारा कॉल
इंटरनेटने जगातलं अंतर संपवलं, असं भाषणांत ऐकलं की मला मळवलीतल्या एका बंगल्याची देखभाल करणाऱ्या मावशी आठवतात. दुबईतल्या मुलाशी बोलताना त्यांचा इंटरनेट कॉल रोज तुटायचा, म्हणून त्याने इंटरनेट दुरुस्तीसाठी मला पाठवलं. कॉल कधी आणि कोणत्या बाजूने तुटला याची नोंद आपोआप व्हावी, अशी सोय मी राउटरवर केली. आठवड्याने पाहिलं तर लाइन ठणठणीत. प्रत्येक कॉल मावशींच्याच फोनवरून बंद केलेला. भाताच्या तुसाचा वास भरलेल्या पडवीत मी विचारलं, "मावशी, तुम्हीच कट करता?" "व्हय. त्यो 'ठेवू का' म्हनायच्या आत करते. त्यानं ठेवल्यावर लय सुनं वाटतं. त्याला सांगू नगं, बाबा." मी दोष राउटरवर ढकलला. मुलाने नवा, महागडा राउटर बसवला. कॉल अजूनही तुटतो, अशी त्याची तक्रार आहे.