भूकंपाच्या यादीतलं नाव

ये गं पोरी, जवळ सरक. कंप्युटर शिकलीस आणि आत्याला तोंड दाखवायला विसरलीस व्हय? तुमच्या त्या मशीनचा मला लई राग हाय. नातीला लातूरच्या कॉलेजात भूकंपग्रस्तांच्या जागेवर प्रवेश हवा होता. दाखल्यासाठी गेले तर कचेरीतल्या बाबूनं माझ्या सासऱ्यांचं नाव टाइप केलं अन् म्हणाला, "मावशी, नोंद न्हाई. घर पडलंच नसेल."

"मग सासरे काय हौसेनं ढिगाऱ्याखाली झोपले?"

मी भूकंपात पडलेल्या घरांची यादी उघडायला लावली. नाव समोरच, हुबेहूब तेच! बाबू म्हणाला, "दिसायला एकच. पण यादी जुन्या फॉन्टातून आणलेली, आतले कोड वेगळे. मशीनला जुळत न्हाई."

"तुला डोळे हायत ना? तू जुळव!"

"माझ्या डोळ्यांवर दाखला निघत न्हाई."

"मग टाइप करू नको. यादीतलंच नाव उचल अन् तिथं टाक."

त्यानं तोंड वाकडं करत कॉपी केलं, तशी मेल्या मशीनला नोंद सापडली. नातीचं काम झालं. पण रांगेतली माझ्या पुढची दोन माणसं 'नोंद न्हाई' ऐकून मुकाट घरी गेली होती. त्यांच्यासाठी त्या बाबूशी पुन्हा भांडायचंय, अन् त्याची भाषा तुला येते. उद्या चल माझ्यासंगं.