मिरजेतला आठवडा आणि अण्णाची झील

दहिवडीच्या स्टँडवरून विट्याची गाडी हलली आणि समोरून मेंढरांचा एक कळप रस्ता ओलांडत आला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. माझा थोरला भाऊ, अण्णा, खिडकीशी बसला होता. त्यानं सवयीनं मान बाहेर काढून हाक दिली. चार महिन्यांपासून त्याचा आवाज बसलेला, पत्रा घासल्यासारखा. तरी पुढची तीन-चार मेंढरं माना वळवून जागीच उभी राहिली.

"आवं पाव्हणं," मेंढरांमागचा माणूस काठी उगारून ओरडला, "तुमी निघालाय गाडीनं, अन् माझी मेंढरं कुठं बोलावताय?"

गाडीतली माणसं हसली. अण्णाही हसला. मी मात्र शर्टाच्या खिशातली चिठ्ठी चाचपली. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यासाठी आमच्या डॉक्टरांनी ती दिली होती. विट्यापर्यंत ती मी सात-आठदा तरी चाचपली असेल.

भिलाईच्या आमच्या वसाहतीतली मराठी मंडळी गणपतीत हस्तलिखित काढतात. "सुट्टीत आठ दिवस मिरजेचं गाणं ऐकून आलास म्हणे, मग लिही की," असा त्यांचा आग्रह. मी सातवीतून शाळा सोडून पोलादाच्या कारखान्यात आलेला माणूस. जसं घडलं तसं सांगतो.

अण्णा शाळेत कधी गेलाच नाही, पण मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचा आणि शाळेच्या दारात सोडायचा. मी शाळा सोडली तेव्हा दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःचं नवं घोंगडं माझ्या खांद्यावर टाकून स्टँडपर्यंत पोचवायला आला. भिलाईच्या थंडीत आजही मी तेच पांघरतो.

आमच्या माण तालुक्यात अण्णाची खरी ओळख ओव्यांची. बिरोबाच्या देवळापुढं ढोल वाजू लागला की एक हात कानावर ठेवून तो ओवी उचलायचा, आणि आम्ही सात-आठजण मागून झील द्यायचो (म्हणजे गाणाऱ्यानं सोडलेली ओळ मागच्यांनी उचलून धरायची). माझा आवाज बेताचा. पण भिलाईहून सुट्टीला आलो की झिलीत मी कायम असायचो, अण्णाच्या उजव्या अंगाला.

मायणीपर्यंत दोन्ही बाजूंना बाभळी आणि उघडी कुसळं. तासगाव आलं तशी द्राक्षांच्या मांडवांची हिरवी छपरं दिसू लागली. सांगलीत गाडीत हळदीचा वास शिरला. अण्णा म्हणाला, "शिवा, हितं मेंढराला चरायला जागा न्हाई रं. समदं कुणाचं ना कुणाचं हाय." गाडी बदलताना कृष्णेच्या काठावर जाऊन आम्ही दोघांनी हात जोडले. मी काय मागितलं ते सांगायला नको. अण्णानं काय मागितलं ते मी विचारलं नाही.

सोमवारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयस्क होते, हळू बोलायचे. आरसा लावून त्यांनी अण्णाचा घसा बराच वेळ पाहिला, मग खुर्ची पुढं ओढून त्याच्या समोरच बसले.

"गाठ आवाजाच्या जागेवरच आहे. ती जागाच काढावी लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही."

"समदा?" अण्णानं विचारलं.

"सगळा."

अण्णानं पटका काढून मांडीवर ठेवला, परत डोक्याला गुंडाळला. "बरं," म्हणाला.

पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं. तोवर रोज सकाळी तपासण्या, बाकी दिवस मोकळा. मी मागं रेंगाळलो. काही पथ्य आहे का, त्यानं बोलावं का, असं विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "हा आठवडा त्यांना बोलू दे. गायचं असेल तर गाऊ दे. दुखलं तर आपणच थांबतील. तू थांबवू नकोस."

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं.

बाहेर आलो. कुठं जायचं ते दोघांनाही कळेना, म्हणून नुसते चालत राहिलो. चालता चालता तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची गल्ली लागली. एका दुकानापुढं वाळक्या भोपळ्यांचा ढीग होता. अण्णा तिथं उकिडवा बसला, एक भोपळा उचलून बोटाच्या पेरानं वाजवला आणि कानाशी नेला.

"ह्यो मंगळवेढ्याकडचा," तो म्हणाला. "त्या रानात आमी मेंढरं बसवलीत. लय कडू. मेंढरू तोंड लावत न्हाई."

आतले म्हातारे कारागीर हातातली कानस ठेवून बाहेर आले. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, मग आम्हीही म्हणू लागलो. "मेंढरं तोंड लावत नाहीत म्हणून तर आमच्यापर्यंत येतो पाव्हणं," ते म्हणाले. "बसा की. चहा घ्या."

चाचांनी एक तयार तंबोरा अण्णाच्या मांडीला टेकवून दिला आणि तारा कशा छेडायच्या ते दाखवलं. अण्णानं चार तारा छेडल्या आणि आवाज पुरता विरेपर्यंत डोळे मिटून बसला.

"शिवा, हे तर झील देतंय. सारखी. ह्यो झीलकरी दमत न्हाई गड्या."

चाचा मोठ्यानं हसले. "चाळीस वर्षं तंबोरे करतोय, पण हे कुणी बोललं नव्हतं." मग त्यांनीच सांगितलं, की हा आठवडा मिरजेत गाण्याचाच आहे. रोज कुठं ना कुठं बैठक, कुणीही यावं आणि बसावं. अण्णा माझ्याकडं न बघताच म्हणाला, "जाऊ या की. हितं बसून काय करायचं?"

आणि आम्ही गेलो. मंगळवारी एका देवळाच्या मांडवात सनई होती. वाजवणाऱ्याचे गाल फुगले की अण्णाचेही फुगायचे. बुधवारी सांगलीला नाट्यगीतं. गाणाऱ्या बाईंना लोकांनी एकच पद तीनदा म्हणायला लावलं आणि त्यांनी तिन्ही वेळा ते वेगळं म्हटलं. परतताना अण्णा म्हणाला, "बाई लय हुशार. पर लोकांनी दमवली." त्या दिवशी स्टँडवर मी भडंग (तिखट, लसणीचे कुरकुरीत चुरमुरे) घेतलं. सांगलीला येऊन भडंग खाल्लं नाही असं कसं चालेल? पहिल्याच घासाला अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. घास खाली उतरेना. मी पुडा लपवायला गेलो, तर त्यानं तो हिसकावून घेतला, चहाच्या कपात ओतला आणि बोटानं ढवळून पिऊन टाकला.

"शेजारच्या बाईनं बघितलं," मी म्हणालो.

"बघू दे की. मिरजंचं पथ्य हाय म्हणून सांग."

मला मात्र लोकांचं फार वाटायचं. परक्या गावात आपण चुकू नये, कुणी हसू नये, ही भिलाईत अंगात मुरलेली भीती. बैठकीत मी शेवटच्या रांगेत, खांबाआड जागा धरायचो. बाकीचे मान हलवतील तेव्हा मान हलवायचो. अण्णाला सांगायचो, पटका नीट बांध, पाय पसरू नको. तो ऐकायचा.

गुरुवारी सतार होती, शुक्रवारी कुठं गेलो नाही. शनिवारी सकाळी चाचांनी आम्हाला दर्ग्याच्या आवारात नेलं. झाडाखाली साधी बैठक, पन्नास-साठ माणसं, ऊन नुकतं भिंतीवरून खाली उतरत होतं. गाणारे बुवा सत्तरीच्या पुढचे. एरवी त्यांच्या मागं शिष्य गायला बसतो म्हणे, पण त्या दिवशी मागं नुसता तंबोरा होता. चाचा कुजबुजले, "तोडी आहे. सकाळचा राग."

मला राग कळत नाही. एवढं कळलं, की बुवा एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन येत होते आणि दर वेळी थोडं लांब जाऊन परतत होते. कुणी हलत नव्हतं. असा कितीतरी वेळ गेला. मग बुवांनी ओळ वर नेली, तिथंच धरली, आणि त्यांचा श्वास संपला. ओळ अर्ध्यात सुटली.

माझ्या डाव्या अंगाला अण्णाचा हात कानावर गेला.

त्यानं झील दिली. बुवांनी जिथं ओळ सोडली होती, बरोबर तिथूनच उचलली. आवाज घोगरा, फाटलेला, पण मोठा. माळावर वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून गाणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. साऱ्या माना वळल्या. पुढून एक स्वयंसेवक उठून तरातरा आमच्याकडं निघाला.

आणि मी माझा पंजा अण्णाच्या तोंडावर दाबला. "गप! गप रं!"

तो गप झाला. माझ्या तळव्याला त्याचा गरम श्वास लागला, बस्स. मी मान वर केली तेव्हा बुवा डोळे उघडून आमच्या दिशेनं बघत होते. हात तसाच उचललेला. तंबोरा वाजत होता. एक श्वास जाईल एवढा वेळ ते थांबले, मग हात खाली आणून पुढं गाऊ लागले. स्वयंसेवक बोट ओठावर ठेवून परत गेला.

बैठक संपल्यावर मी चाचांचे हात धरले. "माफ करा. गावाकडचा हाय तो. त्याला म्हाईत न्हाई."

चाचा माझ्यावर रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "आवं, सुरात होता त्यो. बुवा थांबले होते त्याच्यासाठी. तुमी का थांबवलंत?"

डॉक्टरांचं वाक्य तेव्हा आठवलं. आधी आठवायला हवं होतं.

वाटेत अण्णाच बोलला. "एवढी माणसं बसली हुती, अन् एकानं झील दिली न्हाई. म्हातारा दमला हुता. मागनं कुणी उचललं न्हाई तर गाणारा एकटा पडतो रं."

"तंबोरा होता की."

"व्हय. पर त्यो लाकडाचा. माणसानं नगं द्यायला?"

रविवारी मी त्याला सांगलीला कृष्णेच्या घाटावर नेलं. आसपास कुणी नव्हतं, पाणी संथ होतं. "अण्णा, आता म्हण," मी म्हणालो. "मी झील देतो. कितीबी मोठ्यानं म्हण."

त्यानं हात कानाकडं नेला, तोंड उघडलं आणि खोकला. पुन्हा एकदा म्हणून बघितलं. मग घसा चोळत माझ्याकडं पाहून हसला. "काल जमलं हुतं. आज न्हाई यायचं. दुखतंय." ओंजळीनं पाणी घेऊन तो तोंड धूत बसला. मी शेजारी बसलो. दोन होड्या पलीकडं गेल्या, एक परत आली. बोलायचा तो शेवटचा दिवस होता आणि आम्ही पाण्याकडं बघत बसलो.

सोमवारी त्याला आत नेताना त्यानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही मोठं सांगेल. म्हणाला, "ती लंगडी मेंढी हाय न्हवं, तिला ढवळी म्हणून हाक मारतोय मी. तुज्या वैनीला म्हाईत न्हाई. सांग तिला." त्याच्या आवाजातलं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते.

डॉक्टरांचे उपकार कुठल्या शब्दांत मानू? अण्णा जिवंत आहे. मानेला भोक आहे, त्यावर तो पातळ फडकं बांधतो. अठरा दिवस आम्ही दवाखान्यात होतो. चाचा एक दिवसाआड यायचे, घरून पातळ पेज आणायचे. निघताना त्यांनी अण्णाच्या हातात एक छोटा भोपळा ठेवला, तोंड कापून घासून गुळगुळीत केलेला. अण्णानं तो पेरानं वाजवून कानाशी धरला आणि मान हलवली.

परतीच्या गाडीत तासगावनंतर मांडव संपले, ऊस संपला आणि बाभळी सुरू झाल्या. अण्णानं खिडकीबाहेर हात काढून मला माळ दाखवला, जणू मी तो पहिल्यांदाच बघत होतो. घरी मेंढरं दोन दिवस त्याच्याभोवती बुजल्यासारखी हिंडली. तो काठीनं तो भोपळा वाजवू लागला. चौथ्या दिवशी ढवळी त्या आवाजाला आली, मग बाकीची आली.

माझी रजा संपायच्या आदल्या दिवशी दिवस कलताना बिरोबापुढं ढोल निघाला. अण्णा येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला आणि आपल्या जागेवर उभा राहिला. आम्ही मागं उभे राहिलो, मी त्याच्या उजव्या अंगाला. ढोल सुरू झाला. त्याचा हात कानावर गेला, छाती भरली, तोंड उघडलं. फडक्यातून फक्त हवा आली. ढोलवाल्याचा हात अडखळला. कुणी जमिनीकडं, कुणी देवाकडं बघू लागलं. अण्णाचे ओठ हलत राहिले. अख्खी ओळ त्यानं म्हटली आणि सोडली.

मला ती ओळ पाठ होती. पंधरा वर्षं दर सुट्टीत मी तिचीच झील देत आलो होतो.

मी झील दिली. एकटा होतो, सूर खालीच लागला. मग डावीकडून एकानं उचलली, मागून दुसऱ्यानं, आणि ढोलही वाजू लागला.

अण्णा वळला. त्याचा हात माझ्या तोंडाकडं आला. दर्ग्यातली माझी करणी आठवून मी डोळे मिटले. पण हात तोंडावर आलाच नाही. त्यानं माझा उजवा पंजा धरला, तोच पंजा, उचलून माझ्या कानावर ठेवला आणि पुढच्या ओळीसाठी छाती भरून घेतली.