तीन डावे म्हणजे एक उजवा

माझी बायको सुंदरा वारली, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून मोटरसायकलची क्लचवायर बदलली.

त्या दिवशी कबनूरला लेकीच्या घरी नातीचं बारसं. सुंदरानं स्वतः टोपडं शिवलेलं. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी ते तिच्या डोक्यावर चढलं पायजे, एवढाच हट्ट. आणि निघायच्या वक्ताला वायर तुटली!

"मेस्त्रीला बोलवा."

"कशाला? वायरीला टोकं दोन. एक हँडलाला, एक इंजनाला. मदलं कुठनं बी न्या!"

(मदलं कुठनं बी न्यायचं नसतंय, हे मला पुढं कळलं.)

नवी वायर घातली, तर लोंबायला लागली. "दोरी दे," म्हणालो. तिनं परकराची नाडी दिली. मी वायर हँडलाखाली अशी करकचून बांधली, की बैल बी सुटला नसता!

निघालो. डावीकडं गाडी झकास वळली. मंगळवार पेठेतल्या कोपऱ्यावर उजवीकडं हँडल वळवलं, आणि वायर ताणून क्लच आपोआप दाबला गेला! इंजन बोंबलतंय, चाक फिरंना. हँडल सरळ केलं, की गाडी टुणकन उडी मारती!

"काय झालं ओ?"

"काय न्हाय. गाडीला उजवीकडं जायचं न्हाय."

"आणि कबनूर?"

"उजवीकडं हाय."

मग मी डोकं लावलं. तीन डावे म्हणजे एक उजवा की! सरळ गेलो. डावीकडं, परत डावीकडं, परत डावीकडं. आलो की त्याच कोपऱ्यावर! आता नुसतं नाकासमोर जायचं, तर पुढं म्हशींचा कळप आडवा. थांबायचा धीर कुठला? वळलो डावीकडं, आणि सगळी फेरी पुन्यांदा!

कोपऱ्यावरचा केळीवाला तिसऱ्यांदा आमाला बघून म्हणाला, "पावणं, घर हुडकताय, का बायकोला फिरवताय?"

मागनं सुंदरा वरडली, "फिरवत्यातच! लगीन झाल्यापास्नं एवढं कवा फिरवलं न्हवतं!"

ती खाली उतरली, वायर बघितली, आणि दातानं नाडीची गाठ सोडली. "जरा ढील द्या की ओ! बांधून घातल्यावर कुणाचं बी डोकं फिरतंय."

हँडल उजवीकडं वळवून बघितलं, क्लच दाबला गेला न्हाय. गाडी चालली! (मी म्हणालो, "हेच करणार हुतो.")

आम्ही पोचलो तवा बाया बाळाला पाळण्यात ठेवतच होत्या. सुंदरानं गर्दीत मुसंडी मारली आणि टोपडं चढवलं. ते नाकापर्यंत आलं. पोरगी बोंबलली. सुंदरा खुशीत.

रात्री घरी येऊन झोपली, ती उठलीच न्हाय.

सकाळी भावकी जमली. आमाला पोरगा न्हाय, म्हणून मडकं माझ्याच हातात. मी पुढं, सुंदरा मागं चौघांच्या खांद्यावर. तोच कोपरा आला. स्मशान उजवीकडं. मी सरळ निघालो.

"तात्या, उजवीकडं!"

मी डावीकडं वळलो. परत डावीकडं. परत डावीकडं. खांदेकरी घामाघूम! (काय शिव्या घातल्या, ते इथं लिहीत न्हाय.) केळीवाल्यानं आमाला दुसऱ्यांदा बघितलं, आणि उठून हात जोडले.

पुतण्या हळूच म्हणाला, "तात्या, रस्ता चुकला व्हय?"

"न्हाय रं. हिला फिरवतोय."

म्हशी बी त्या दिवशी आडव्या आल्या न्हाईत, न्हायतर अजून एक फेरी मारली असती!